उजेडाची रेघ

आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, पत्र्याची पेटी. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून ते सुरतेला सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, तेव्हा तिच्यात दोन सदरे, एक गोधडी आणि फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या, असं ते सांगत. आज त्याच पेटीत मी मोटारींचे हेडलाइट भाजतो.

हसू येईल, पण भाजणं हाच त्यासाठी नेमका शब्द आहे. हेडलाइटची पुढची काच (काच म्हणायची, असतं ते पॉलिकार्बोनेट) मागच्या काळ्या डब्याला ब्युटाइल नावाच्या रबरी डिंकानं चिकटवलेली असते. हा डिंक शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो. घरच्या ओव्हनमध्ये हेडलाइट मावत नाही, आणि मावला असता तरी बायकोनं ठेवू दिला नसता. म्हणून पेटीला एका बाजूनं भोक पाडून हीटगनचं तोंड आत घातलं. तळाशी विटा, विटांवर लाकडी फळी, झाकणात थर्मामीटर. दहाएक मिनिटं झाली की हातमोजे घालून दिवा बाहेर काढायचा, कडेचे लॉक चपट्या स्क्रूड्रायव्हरनं एकेक करून उचलायचे आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचं. काळ्या डिंकाचे धागे गुळाच्या पाकासारखे ताणले जातात. मध्येच डिंक गार झाला तर जोर लावायचा नाही, दिवा परत पेटीत. पहिल्याच वर्षी मी घाई केली आणि आच वाढवली. डब्याची कडा डोळ्यांदेखत वाकली आणि पुन्हा कधी सरळ झाली नाही. तो दिवा गिऱ्हाइकाचा नव्हता, माझाच होता, एवढंच नशीब.

पोटापाण्यासाठी मी एम्ब्रॉयडरी मशीन दुरुस्त करतो. सुरतेत त्यांची कमी नाही. साड्यांवर भरतकाम करणारी, ओळीनं डोकी असलेली ती लांबलचक मशीनं बंद पडली की कारखानदाराचा जीव खालीवर होतो आणि माझा फोन वाजतो. त्यामुळे सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, हीटगन ही हत्यारं घरात होतीच. हेडलाइटचा नाद लागला तो रविवारचा म्हणून. डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या दारात एक गाडी उभी राहील एवढी जागा आहे, तेवढंच माझं वर्कशॉप. पंधराएक वर्षं झाली. आधी स्वतःची गाडी, मग शेजाऱ्यांच्या, मग लिंबायत, उधना, पांडेसऱ्यातून ओळखीवर येणाऱ्यांच्या. पैसे सामानाचे आणि थोडे वरचे. हा धंदा कधी झाला नाही, पण निव्वळ छंदही उरला नाही.

सुरुवात एका बुडालेल्या गाडीपासून झाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि तापीनं शहराचा मोठा भाग पोटात घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं सुरतेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक प्रश्न ठरलेला असे : पाण्यातली आहे का? माझी पहिली मारुती ८०० पाण्यातलीच होती, म्हणून तर परवडली. सीट बदललेल्या, इंजिन उघडून धुतलेलं, बाहेरून चकचकीत. पण डाव्या हेडलाइटच्या आत, बरोबर मध्यावर, गाळाची एक बारीक आडवी रेघ होती. पाणी जिथवर चढलं होतं तिथवरची खूण. विकणाऱ्यानं बाकी सगळं पुसलं, तिथे त्याचा हात पोहोचला नव्हता.

ती रेघ मला बघवेना. बल्ब काढून त्या भोकातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आत ओतलं, हलवलं, ओतून टाकलं. चार-पाच वेळा केल्यावर गाळ बराच गेला. थोडा राहिला. मग मी तारेला मऊ फडकं गुंडाळलं आणि आत घालून पुसायला लागलो. गाळ निघाला, आणि त्याच्याबरोबर आतला आरसाही. हेडलाइटचा तो चकाकणारा वाडगा म्हणजे निर्वात जागेत उडवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, हे मला नंतर कळलं. त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. जिथे गाळाची रेघ होती तिथे आता काळपट चट्टा होता, आणि तो कशानंच जाणार नव्हता. आहे तेवढं राहू दे, हे मी त्या दिव्याकडून शिकलो. आजही एखादा आतल्या बारीकशा डागासाठी दिवा खोलायला सांगतो, तेव्हा मी त्याला आधी गाडीपासून दहा पावलं मागे जायला सांगतो. दिसतो का डाग? नाही ना? मग राहू दे.

जुन्या गाड्यांची काच खरीच काच होती. तिच्यावर दगड उडाला तर ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, उन्हानं पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कडक, अतिनील किरण अडवणारा थर दिलेला असतो. तो थर उन्हाळ्यांनी झिजला, तडकला, की खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. सुरतेचं ऊन, त्यात खाडीची दमट हवा, आणि गाडी दिवसभर मिलच्या आवारात उघड्यावर उभी. पाच-सात वर्षांत दिव्यांवर साय धरते. लोक म्हणतात, ‘गाडीला मोतीबिंदू झालाय.’

त्यावर टूथपेस्ट घासायची युक्ती सगळ्यांनाच माहीत असते. घासली की दिवा उजळतो, दोन-चार आठवड्यांत पुन्हा होता तसा होतो. मी पहिल्यांदा खरं पॉलिश केलं ते एका मिलमधल्या सुपरवायझरच्या गाडीवर. पॉलिश पेपर घेतले, पाणी मारत मारत घासलं, शेवटी कंपाउंड लावलं. दिवे नव्यासारखे. तो खूश, मी त्याहून खूश. पाच महिन्यांनी तो गाडी घेऊन दारात उभा. दिवे आधीपेक्षा जास्त पिवळे. घासताना मी कारखान्याचा उरलासुरला थरही काढून टाकला होता आणि वरून काहीच दिलं नव्हतं. प्लॅस्टिक उन्हात उघडं सोडलं होतं. त्याचे पैसे परत दिले आणि काम पुन्हा करून दिलं, या वेळी वरून दोन घटकांचा यूव्ही क्लिअर कोट मारून. आपण केलेलं काम देताना कसं दिसतं याला फार किंमत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर ते कसं दिसतं, ते खरं.

घासायचं कसं हे मला शेजाऱ्यानं शिकवलं. तो काठियावाडचा, वराछाच्या हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारा. एका रविवारी मी दोन हजार नंबरच्या पेपरपर्यंत येऊन बसलो होतो आणि दिव्यावर कुठून तरी धुरकट झाक राहत होती. तो दात घासत बघत उभा होता. आत गेला, खिशातली आयग्लास घेऊन आला, डोळ्याला लावून दिव्यावर वाकला आणि म्हणाला, ‘भाऊ, आठसोना लिसोटा हजू अंदर छे.’ आठशेचे ओरखडे अजून आतच आहेत. मी आयग्लासमधून बघितलं. वर दोन हजारचे बारीक चरे एका अंगाला, आणि त्यांच्या खाली, नाल्यासारखे खोल, आठशेचे.

त्यानं मग दिशा बदलायला शिकवली. आठशेनं आडवं घासलं तर हजारनं उभं घासायचं. आडवा एकही चरा दिसेनासा होईपर्यंत पुढच्या नंबरला हात लावायचा नाही. मग पंधराशे आडवा, दोन हजार उभा, तीन हजार पुन्हा आडवा. प्रत्येक वेळी बादलीतलं पाणी बदलायचं, कारण आधीच्या नंबरचा एक कण जरी फडक्यात राहिला तरी सगळी मेहनत वाया. तो सांगायचा, हिऱ्यात चूक झाली तर वजन जातं, वजन गेलं की पगारातून पैसे जातात, म्हणून आम्ही हळू. माझ्या पगारातून काही जाणार नव्हतं. तरी मी हळू झालो. आठशेचा पेपर फिरला की दिवा दुधासारखा पांढरा होतो आणि शेजारी उभ्या मालकाचा चेहराही. त्याला चहा पाजायला घरात पाठवायचं आणि आपण उभं-आडवं करत राहायचं, हीच रीत पडली.

काही धडे स्वस्तात मिळाले. हॅलोजन बल्बच्या क्वार्ट्‌झ काचेला बोट लावू नये हे पाकिटावर चित्र काढून सांगितलेलं असतं. एका पावसाळी संध्याकाळी मी रताळूपुरी खात खात बल्ब बसवला. ही आमची सुरतेची भजी, वरून धणे-मिरी लावलेली, तेलानं निथळणारी. तिसऱ्या दिवशी बल्बवर फोड आला आणि तो गेला. तेलाचा डाग पडला की काच तेवढ्याच जागी जास्त तापते. त्यानंतर माझ्या हत्यारांच्या पेटीत स्पिरिट आणि स्वच्छ फडकं कायमचं आलं.

एक धडा मात्र असा मिळाला की त्यानं माझी दिशाच बदलली असती, मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर. नात्यातल्या एकाच्या गाडीचा उजेड फारच मंद होता. त्याला शंभर वॅटचे बल्ब हवे होते. मी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर ११.९. मधले जवळजवळ दोन व्होल्ट बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग आणि झिजलेला स्विच खाऊन टाकत होते. दोनच व्होल्ट तर आहेत, असं वाटतं. पण हॅलोजनचं गणित वेगळं आहे : व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. अर्थिंग घासून साफ केलं, जाड वायर आणि रिले टाकून बॅटरीवरून थेट लाइन घेतली. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचा. रात्री तो नातलग गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या वाटेवरून फोन करून म्हणाला, कोणता बल्ब टाकला ते सांग. शंभर वॅटचा बल्ब त्याच जुन्या वायरवर टाकला असता, तर आधी सॉकेट वितळलं असतं.

एवढं कळूनही मी पुढे जे केलं ते केलं.

तेव्हा बाजारात एचआयडी किटची लाट होती. दोन बल्ब, दोन बॅलास्ट, अर्ध्या तासात बसणारं काम. लोक केल्विनच्या आकड्यानं उजेड मागायचे. हॅलोजन तीन हजार दोनशेच्या आसपास, किंचित पिवळसर. त्यांना हवा असायचा सहा हजार, आठ हजार, पांढरा, निळा, जांभळा. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, अशी समजूत. खरं तर तो आकडा रंगाचा आहे, आणि निळ्याकडे गेलेला उजेड पावसात डोळ्यांसमोरच पांढरा पडदा धरतो, रस्त्यावर उतरत नाही. मला हे कळायचं नाही असं नाही. पण सेकंडहँड स्विफ्ट घेतली होती, बॉनेट उघडलं की पोरं गोळा व्हायची. मी आधी स्वतःच्या गाडीत सहा हजारचा किट टाकला आणि नंतर दहा-बारा जणांच्या गाड्यांत.

चूक रंगाएवढीच जागेची होती. एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. खालच्या उजेडासाठी जे फिलामेंट, त्याच्या खाली एक चिमुकली धातूची वाटी असते. फिलामेंटचा अर्धा उजेड ती अडवते, आणि उरलेला आरशावरून खाली, रस्त्यावर जातो. आरशाची प्रत्येक घडी त्या फिलामेंटच्या जागेवरून मापलेली असते. तिथे दुसरा कुठलाही दिवा आणून ठेवा, मिलिमीटरचा फरकही उजेड भलतीकडे फेकतो. झाडांवर, पाट्यांवर, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. गाडीत बसलेल्याला वाटतं, वा, सगळीकडे लख्ख. त्याला हे कळत नाही की ‘सगळीकडे’ हाच दोष आहे.

थंडीचे दिवस होते. मी भेस्तानकडून एक मशीन दुरुस्त करून घरी येत होतो. आमच्या भागात तेव्हा गटाराच्या लाइनीसाठी रस्त्याची एक बाजू खणलेली होती. समोरून एक-दोन सायकली आल्या, लूमची दिवसपाळी सुटायची वेळ. मी गाडी लावली, हातपाय धुतले, जेवायला बसलो. आबा आले ते सायकल ढकलत. गुडघ्यापर्यंत चिखल, डावं मनगट छातीशी धरलेलं. मायनं विचारलं तर म्हणाले, ‘कोन्ता गाडीवाला व्हता काय माहीत. डोयामा उजेड घुसना, मंग काहीज दिखनं नही.’ खणलेल्या चरात सायकलीसकट गेले होते.

मी विचारलं, कुठे. त्यांनी जागा सांगितली. मी विचारलं, कधी. तेही सांगितलं.

तेव्हा मी काही बोललो नाही, हे इथे लिहायलाच हवं. दवाखान्यात नेलं, मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत होतं. रिक्षानं परत आलो, गाडी काढली नाही. आबा झोपल्यावर मी अंगणात गेलो आणि दोन्ही बल्ब काढले. मग माझ्याच गाडीतले जुने हॅलोजन शोधून बसवले. हात थरथरत होते, एक बल्ब दोनदा खाली पडला. सकाळी आबा ओट्यावर बसून चहा पीत होते. मी गाडी सुरू केली, दिवे लावून बघितले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘आते बरा शे.’ त्यांना कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या महिनाभरात मी बसवलेले किट ज्यांच्या ज्यांच्याकडे होते त्यांना फोन केले. फुकट काढून देतो म्हटलं. चौघे आले. बाकीचे हसले. एकानं विचारलं, पोलिसांनी पकडलं का तुला?

आबांना मोतीबिंदू आहे हे त्याच दवाखान्याच्या चकरांमध्ये निघालं. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग धुरकट झालं की समोरचा उजेड आतल्या आत पसरतो, म्हणून अशा माणसाला दिव्यांचा त्रास दुप्पट होतो. ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्याची लाज वाटली. रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याचे डोळे कसे आहेत हे आपल्याला कुठे माहीत असतं? ऑपरेशननंतर आबा पहिल्यांदा काय म्हणाले, तर सदरा निळा धुतलाय का. सदरा पांढराच होता. इतकी वर्षं त्यांना तो पिवळट दिसत होता. मी रविवारी ज्यांच्यावर पाणी मारत घासत बसायचो, तसलंच एक भिंग घरातच होतं आणि मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी उजेड वाढवण्याच्या मागे लागलो नाही. तो कुठे थांबतो हे बघायला लागलो.

हेडलाइटच्या खालच्या उजेडाला वरच्या बाजूला एक रेघ असते. चांगल्या दिव्याची रेघ सुरीनं कापल्यासारखी दिसते : खाली उजेड, वर काळोख. आपण डावीकडून चालणारे, म्हणून ही रेघ उजवीकडे सपाट असते, समोरच्याच्या डोळ्यांखाली. डावीकडे ती वर चढते, म्हणजे कडेनं चालणारा माणूस, सायकल, मैलाचा दगड लवकर दिसावा. एवढीशी ती रेघ, पण तिच्यात रस्त्यावरच्या सगळ्यांची वाटणी केलेली आहे.

ही चढती बाजू मी शिकलो तीही फसून. प्रोजेक्टर बसवायचा नाद मला काही वर्षं होता. प्रोजेक्टरमध्ये भिंग आणि त्याच्यामागे पत्र्याची झडप असते, त्यामुळे रेघ स्वच्छ येते. म्हणून मला वाटे, हा सभ्य उपाय. एकदा ऑनलाइन स्वस्तात जोडी मिळाली. दिवे खोलले, आतला वाडगा कापला, प्रोजेक्टर बसवले, तीन रविवार गेले. रात्री समोरच्या भिंतीवर उजेड टाकला तर रेघ चढत होती ती उजवीकडे. उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या देशांसाठीचा माल होता. आपल्या रस्त्यावर तो दिवा समोरच्याच्या डोळ्यांत पद्धतशीर, नेम धरून उजेड मारणार होता. जोडी अजून माळ्यावर आहे.

आता कायद्याचंही सांगतो, कारण पोरं विचारतात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ गाडीत फेरबदल करायला मनाई करतं. कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. माझे प्रोजेक्टर कितीही सभ्य असले तरी यातच मोडत होते. मी ते काम बंद केलं. लाल-निळे डोळे, नाचणाऱ्या पट्ट्या, आतून काळा रंग, हे तर मी करतच नव्हतो. आता माझ्याकडे होतं ते एवढंच : दिवे घासून कोट करणं, गळती काढणं, वायरिंग तपासणं आणि रेघ लावणं.

गळतीचंही एक सांगण्यासारखं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मीठी खाडी फुगली की लिंबायतच्या सखल भागात पाणी शिरतं. उभ्या गाड्यांच्या दिव्यांत पाणी जातं. सुरुवातीला मी दिवा पेटीत भाजून उघडायचो, वाळवायचो, नवा ब्युटाइल भरायचो आणि जिथे जिथे भोक दिसेल तिथे सिलिकॉन. एक थेंब आत जाता कामा नये. तरी चार दिवसांत आतून दव धरायचं, आणि मग जायचंच नाही. दिव्याच्या मागच्या बाजूला वाकडी रबरी नळी असते ती श्वासासाठी आहे, हे कळायला मला दोन पावसाळे लागले. दिवा तापला की आतली हवा फुगते, गार झाला की आत ओढली जाते. ती वाट बंद केली की तो कुठूनतरी फटीतून ओलसर हवा ओढतो आणि ती बाहेर सोडू शकत नाही. शहाणपणानं बुजवलेली भोकं मी सगळी पुन्हा उघडली.

रेघ लावायला मात्र काही लागत नाही. सपाट जागा, एक भिंत, खडू, टेप. चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करायची, गाडी २५ फूट मागे घ्यायची, आणि मागचा स्क्रू फिरवत उजेडाची रेघ त्या खुणेच्या तीन इंच खाली आणायची. एवढंच. बहुतेकांना आपल्या गाडीला हा स्क्रू आहे हेच माहीत नसतं. डॅशबोर्डवर शून्य ते तीन असं चाक असतं, तेही कशासाठी आहे ते ठाऊक नसतं. दिवाळीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमचे लोक गावी निघतात. डिकीत साड्यांचे गठ्ठे, फराळाचे डबे, मागे चार माणसं. गाडीची शेपूट खाली बसते आणि दिवे वर बघायला लागतात. बारडोलीपुढे उसाचे ट्रॅक्टर, ज्यांना मागे धड लाल दिवाही नसतो. व्यारा-सोनगढकडे कडेनं चालत निघालेली मजूर माणसं. नवापूर, विसरवाडी सोडली की कोंडाईबारीचा घाट. त्या वळणांवर समोरून वर बघणारे दिवे आले की काय होतं ते मी ड्रायव्हरच्या सीटवरून पुष्कळदा अनुभवलंय. निघायच्या आदल्या रात्री म्हणूनच माझ्या दारात रांग लागते. मी सगळ्यांना सामान भरूनच गाडी आणायला सांगतो, आणि ते चाक कुठे फिरवायचं ते दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.

ज्या भिंतीवर मी रेघ लावतो ती आमच्या समोरच्या गल्लीतली, एका गोडाऊनची मागची बाजू. ऑपरेशननंतर आबा पुन्हा सायकल चालवायला लागले, तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांना त्या भिंतीला लागून, उजव्या बाजूला, सायकलीवर बसवून उभं केलं. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला मी खडूनं आडवी रेघ मारली. ते विचारत राहिले, काय करतोस. मी म्हटलं, माप घेतोय. नंतर पावसात खडू जाईल म्हणून त्याच रेघेवर ऑइलपेंट फिरवला.

गेल्या वर्षी गोडाऊनवाल्यानं भिंत रंगवून घेतली. मी रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं, तरी त्यानं त्या रेघेवरूनही ब्रश फिरवला. पण ऑइलपेंटचा जाड थर खाली आहे. दिवसा काही दिसत नाही. रात्री गाडीचा उजेड तिरका पडला की वीतभर लांबीचा तो उंचवटा नव्या रंगाखालून वर येतो. स्क्रू फिरवताना माझी नजर आधी तिकडेच जाते. तिथे उजेड चढलेला दिसला, की अजून काम बाकी आहे.